मुलांच्या हाती खाऊचे पैसे : पहिली ते पाचवीच्या पालकांसाठी

धाकटा सहा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. ठाण्यात गोखले रोडवर एका दुकानाच्या काचेत त्याला स्केचपेनचा मोठा डबा दिसला. मी म्हटलं, "आज नको रे, पैसे नाही आणले." तो माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "मोबाईल तर आहे ना तुझ्याकडे!"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. जन्मापासून त्याने एवढंच पाहिलं होतं : आई फोन एका चौकोनापुढे धरते, दुकानातला छोटा डबा "अमुक रुपये प्राप्त झाले" असं बोलतो आणि वस्तू आपली होते. त्यात काही कमी होताना, संपताना त्याला कधी दिसलंच नव्हतं. आपण लहान होतो तेव्हा आई डाळीच्या डब्यात ठेवलेल्या नोटा मोजायची. महिनाअखेरीला बाबा पाकीट उघडून पुन्हा बंद करायचे. कुणी शिकवायला बसत नव्हतं, पण पैसे संपतात हे रोज डोळ्यांसमोर घडत होतं. आता ते मुद्दाम दाखवावं लागतं.

आमची थोरली आता पाचवीत आहे, धाकटा तिसरीत. गेली दोन वर्षं आम्ही चरईतल्या घरात हे करत आलोय. त्यात काही जमलं, काही फसलं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने जावं असं मला वाटतं, ते इथे लिहिते. त्यासाठी अर्थशास्त्र यावं लागत नाही. सुट्टे पैसे मात्र भरपूर लागतात.

आधी नोटा आणि नाणी ओळखीची होऊ द्या

दोन-तीनशे रुपयांची मोड आणा : १, २, ५, १०, २० ची नाणी आणि १०, २०, ५० च्या काही नोटा. सतरंजीवर पसरा आणि मुलाला वेगवेगळे ढीग करू द्या. २० च्या नाण्याला बारा कडा असतात, त्या बोटाने मोजायला सांगा. नोटा उलट्या करा. २० वर वेरूळची लेणी, ५० वर हंपीचा दगडी रथ, १०० वर पाटणची राणीची वाव (पायऱ्यांची विहीर), २०० वर सांचीचा स्तूप, ५०० वर लाल किल्ला. मागच्या बाजूला १५ भाषांमध्ये रक्कम लिहिलेली पट्टी असते, त्यात मराठीची ओळ शोधायला लावा. कोकणी, नेपाळी आणि संस्कृतही देवनागरीतच असल्याने नीट वाचल्याशिवाय ती सापडत नाही. आमच्याकडे या खेळात अख्खी दुपार गेली.

पहिलीतल्या मुलाला पाच नाणी एका नोटेपेक्षा जास्त वाटतात. हा समज जाईपर्यंत पुढे जाऊ नका. ५० रुपये किती तऱ्हांनी होतात, हे रोज पाच मिनिटं करून बघा. आम्हाला तीन आठवडे लागले.

मग मोड परत घेणं. इथे वजाबाकी मांडायला लावू नका. ३४ रुपये झाले आणि ५० दिले, तर ३४ च्या पुढे मोजत जायचं : १ दिला की ३५, ५ दिले की ४०, १० दिले की ५०. परत यायचे १६. जुने दुकानदार असंच मोजून हातावर ठेवतात, आणि मुलांना ते वहीतल्या हातच्यापेक्षा लवकर जमतं.

बाजारात व्यवहार मुलाचा, आपण दोन पावलं मागे

मला विचाराल तर सगळ्यात जास्त शिकणं इथे होतं. आम्ही जांभळी नाक्याच्या मंडईत जातो. सकाळी जरा लवकर गेलेलं बरं. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर स्टेशनकडून येणाऱ्या गर्दीत कुणालाच मुलासाठी थांबायला वेळ नसतो, आणि मागून कुणी "चला चला, लवकर" म्हटलं की मूल बावरतं.

मुलाच्या हातात १०० रुपये द्या, पण एक नोट नको. एक ५० ची, दोन २० च्या, एक १० ची. यादी त्याच्याच अक्षरात हवी, तीन वस्तूंची. आमची पहिली यादी होती : अर्धा किलो टोमॅटो, कोथिंबिरीची एक जुडी, चार लिंबं. भाव विचारणं, पैसे देणं, मोड मोजणं, पिशवीत भरणं हे सगळं त्याने करायचं. आपण मागे उभं राहायचं आणि बोलायचं नाही. हे न बोलणंच सगळ्यात अवघड आहे.

पहिल्या दिवशी थोरलीने अगदी पहिल्याच गाडीवर भाव विचारला आणि लगेच पैसे पुढे केले. पुढच्या गाडीवरच्या पाटीवर तसेच टोमॅटो किलोमागे दहा रुपयांनी स्वस्त होते. तिने ती पाटी वाचली, पिशवीकडे पाहिलं, काही बोलली नाही. मीही बोलले नाही. पुढच्या वेळी मंडईत शिरल्यावर तिने स्वतःहून सांगितलं, "आई, आधी एक चक्कर मारूया." अर्ध्या किलोमागे पाच रुपये गेले होते. त्या पाच रुपयांत ती जे शिकली, ते मी दहा वेळा सांगून शिकली नसती.

धाकट्याचं वेगळंच. लिंबांचे पैसे दिल्यावर मावशींनी मोड हातावर ठेवली. तो तिथेच उभा राहून ओठ हलवत मोजत राहिला, मग पुन्हा पहिल्यापासून मोजली. मी आतून अगदी उतावीळ झाले होते. शेवटी म्हणाला, "मावशी, दहा रुपये जास्त आले." मावशींनी नोट परत घेतली आणि काही न बोलता त्याच्या पिशवीत कढीपत्त्याची डहाळी टाकली. घरी आल्यावर आजीला पहिल्यांदा त्याने कढीपत्ताच दाखवला.

दोन गोष्टी सांभाळा. गाड्यांवर हल्ली मोड नसते, तेव्हा "मावशी, मुलगा रोख देणार आहे, सुट्टे आहेत का?" असं आधी विचारून ठेवा. आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करायला मुलांना शिकवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. चार ठिकाणी भाव विचारून जिथे परवडेल तिथे घेणं हे शहाणपण आहे. पहाटेपासून बसलेल्या बाईकडून दोन रुपये सोडवणं मला मुलांच्या अंगवळणी पाडायचं नाही.

रिक्षातही हे करता येतं. मीटर मुलाने वाचायचं, भाडं त्याने द्यायचं. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं कमीत कमी भाडं २६ रुपये आहे, ते पहिल्या दीड किलोमीटरचं. तलावपाळीहून चालत घरी आलो की आमची मुलं आता त्या २६ रुपयांत काय काय आलं असतं ते मोजतात.

खाऊचे पैसे : रक्कम छोटी, वार पक्का

बाजाराची दोन महिने सवय झाली की आठवड्याचे पैसे सुरू करा. दुसरीपासून चालतं. महिन्याचे एकदम देऊ नका, या वयात महिना फार लांब असतो. आमच्याकडे शनिवारी सकाळी धाकट्याला ३० आणि थोरलीला ५० मिळतात. हे आकडे आमच्या घरापुरते. तुमची रक्कम अशी असावी की उधळली तर बुधवारपर्यंत संपेल आणि जपली तर चार-पाच आठवड्यांत मनासारखं काही घेता येईल.

सुरुवातीलाच एका कागदावर दोन याद्या करून फ्रिजवर लावा. आईबाबांच्या यादीत वह्या, पेन्सिली, डबा, कपडे, औषधं. मुलांच्या यादीत चॉकलेटं, स्टिकर, बर्फाचा गोळा, छोटी खेळणी. ही यादी नसेल तर रोज नवा वाद होतो. स्टिकर असलेली वही कुणाच्या पैशातली, यावर आमच्याकडे खरंच दोन दिवस चर्चा चालली होती.

शनिवार चुकवू नका. आपला पगार चार दिवस उशिरा झाला तर आपल्याला कसं होतं, तसंच त्यांना होतं. पुढच्या आठवड्याचे आधी देऊ नका. रागावलात म्हणून पैसे कापू नका आणि मार्क चांगले पडले म्हणून वाढवू नका. खाऊचे पैसे हे हिशोब शिकायचं साधन आहे, ते वागणुकीच्या बक्षिसात मिसळलं की हिशोब बाजूलाच राहतो.

घरकामाचे पैसे द्यावेत का, असं बरेच जण विचारतात. मी देत नाही. ताट उचलण्याचे दोन रुपये ठरवले, की "आज मला पैसे नकोत, मी नाही उचलणार" हे मुलाचं उत्तर रास्त ठरतं. घर सगळ्यांचं आहे, काम सगळ्यांचं आहे.

कमाईचा अनुभव मात्र मिळायला हवा, आणि त्यासाठी रद्दीसारखं दुसरं काही नाही. महिन्याची वर्तमानपत्रं मुलांनी सारख्या घडीची रचायची, सुतळीने बांधायची. मग घरच्या वजनकाट्यावर मुलाने गठ्ठा घेऊन उभं राहायचं, नंतर गठ्ठ्याशिवाय, आणि वजाबाकी करायची. रद्दीवाले काका आले की त्यांच्या काट्यावरचं वजन त्याने वाचायचं. दोन वजनांत थोडा फरक आला तर तो का, हे काकांनाच विचारू द्यायचं. एका महिन्यात आमची साडेसहा किलो भरली, भाव १४ रुपये किलो. गुणाकार दोघांनी दोन कागदांवर केला आणि ९१ रुपये आले. मग अर्धे-अर्धे करायला बसले. पंचेचाळीस-पंचेचाळीस घेतल्यावर एक रुपया उरला. पन्नास पैसे कुठून आणायचे यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी तो रुपया देवघरात ठेवला.

चूक त्यांची त्यांना करू द्या

मागच्या वर्षी नवरात्रात टेंभी नाक्याच्या गर्दीत धाकट्याने साठवलेल्या १२० रुपयांची दिवे लागणारी गाडी घेतली. त्याआधी मी एवढंच विचारलं, "चालवून बघितलीस का?" त्याला दम नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी एक चाक निखळलं आणि दिवे विझले.

तो हमसून हमसून रडला. आजोबांचा हात खिशाकडे गेला. मी म्हटलं, "बाबा, थांबा ना." ते माझ्यावर चिडलेच. "शंभर रुपयांसाठी पोराला रडवतेस?" त्यांचं मन मला कळत होतं, माझेही डोळे भरून आले होते. पण त्या क्षणी दुसरी गाडी आली असती, तर गेलेले पैसे परत येतात एवढंच तो शिकला असता. मी त्याला जवळ घेतलं. "मी सांगितलं होतं ना" हे वाक्य कटाक्षाने टाळलं. दुपारी आम्ही तिघांनी, आजोबांसकट, ती गाडी उघडून चाक कसं बसवलं होतं ते पाहिलं. नुसता प्लॅस्टिकचा खिळा होता.

यंदाच्या नवरात्रात तो त्याच गल्लीत एका गाड्यापुढे उभा राहिला, खेळणं हातात घेतलं, उलटं केलं, चाकं दाबली आणि म्हणाला, "काका, जरा चालवून दाखवता?" मग ते न घेताच पुढे आला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.

म्हणून नव्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे : पैसे त्यांच्या हातात दिलेत तर निर्णयही त्यांचाच राहू द्या. अपाय होईल अशी वस्तू सोडली तर अडवू नका. प्रत्येक खरेदीला आपली परवानगी लागणार असेल, तर ते पैसे आपलेच राहतात आणि मूल फक्त वाहक होतं.

साठवायला मातीचा गल्ला नको, काचेची बरणी

मातीच्या गल्ल्यात पैसे टाकले की ते दिसेनासे होतात, आणि आपला सगळा खटाटोप तर पैसे दिसावेत यासाठी आहे. लोणच्याची रिकामी बरणी धुऊन घ्या. बाहेर कागदाची पट्टी चिकटवा, त्यावर काय घ्यायचं आणि कितीला ते मुलाने लिहायचं. पहिलं ध्येय चार-पाच आठवड्यांत गाठता येईल असंच हवं. सायकलसाठी वर्षभर साठव असं सात वर्षांच्या मुलाला सांगितलं तर तो दुसऱ्या महिन्यात सोडून देतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. शेवटचे वीस रुपये कमी पडत असतात तेव्हा आपण घालायचा मोह होतो. तो आवरा.

सोबत एक वही. डाव्या बाजूला आले, उजव्या बाजूला गेले. शनिवारी पैसे देण्याआधी दोन मिनिटं बरणी आणि वही जुळते का ते पाहायचं. शुद्धलेखन तपासू नका.

देण्याचंही आपसूक येतं. गणपतीच्या वर्गणीला कार्यकर्ते आले की आमची मुलं बरणीतले दहा-दहा रुपये वेगळे देतात आणि पावती स्वतःच्या नावाने फाडून घेतात. त्या पावत्या वहीत चिकटवलेल्या आहेत.

घरखर्च किती दाखवावा

पगाराचा आकडा सांगायलाच हवा असं नाही. पण पैसे एटीएममध्ये तयार होत नाहीत, आईबाबांच्या कामाचे मिळतात, हे सांगायला हवं. महावितरणची मे आणि डिसेंबरची बिलं शेजारी ठेवा आणि किती युनिट जास्त ते मुलांना काढू द्या. आमच्याकडे त्यानंतर खोलीतला पंखा बंद करायची आठवण मला करावी लागली नाही.

आणि "पैसे नाहीत" हे वाक्य खरं असेल तेव्हाच वापरा. एरवी "यावर खर्च करायचा नाही असं आम्ही ठरवलंय" म्हणा. मी गोखले रोडवर खोटं बोलले होते, आणि मुलाने ते लगेच पकडलं. खरोखर ओढाताण असेल तर तेही शांतपणे सांगता येतं. "या महिन्यात जपून चालायचंय" एवढं मुलांना पुरतं आणि ती समजून घेतात. घोडबंदरच्या एखाद्या मोठ्या संकुलात मैत्रिणीचा वाढदिवस थाटात झाला की तसाच आपलाही हवा असतो. आम्ही थोरलीला १५०० रुपयांची मर्यादा सांगितली आणि बाकी तिच्यावर सोडलं. तिने मुली कमी बोलावल्या, केक छोटा ठेवला आणि भेळेचं सामान स्वतः मंडईतून आणलं.

तिसरी-चौथीपासून पाकिटांवरचे आकडे वाचायला लावा. छापील किंमत सगळे कर धरून असते आणि त्याहून जास्त कुणी घेऊ शकत नाही, हे त्यांना कळू द्या. समजा ४० ग्रॅमचा पुडा १० रुपयांना आणि १५० ग्रॅमचा ३० ला, तर एका ग्रॅमला २५ पैसे आणि २० पैसे पडले. मोठा पुडा स्वस्त, पण तेवढी बिस्किटं संपणार आहेत का, हाही प्रश्न त्यांनाच विचारा.

मोबाईलचे पैसे सगळ्यात शेवटी

रोख पैशांची सवय झाल्यावरच इकडे या. फोनवरून पैसे दिले की मुलाला शिल्लक आधीची आणि नंतरची दाखवा. आम्ही आठवडाभर प्रत्येक स्कॅनची रक्कम फ्रिजवरच्या कागदावर लिहिली होती. रविवारी बेरीज झाली तेव्हा मुलांपेक्षा आम्हीच गप्प झालो.

पिन मुलांना सांगू नका, त्यांच्या देखत टाकताना बोटं झाका. पैसे पाठवतानाच पिन लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे आत्तापासून पाठ करून घ्या. कुणी "पैसे मिळवायला पिन टाका" म्हटलं तर तो फसवतोय. ओटीपी आला तर तो कुणाला वाचून दाखवायचा नाही, फोन आईकडे आणून द्यायचा. गेममधले हिरे आणि नाणी खऱ्या पैशांनी विकत घेतली जातात, हे हिशोबाच्या वहीत लिहून दाखवा आणि फोनमधली खरेदी पासवर्डने बंद करून ठेवा.

पाहुण्यांचे पैसे आणि पहिलं खातं

भाऊबीजेची ओवाळणी, निघताना मामाने हातात ठेवलेली नोट, मुंजीतलं पाकीट. हे पैसे आपण "ठेवते हं जपून" म्हणून घेतो आणि ते घरखर्चात विरून जातात. मुलं ते विसरत नाहीत. थोरलीने मला दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीचे ५०१ रुपये तारखेसह आठवून दिले होते. तिची मी माफी मागितली आणि पैसे परत केले. आता अशी रक्कम आली की त्याच दिवशी वहीत चढते आणि आमच्या नियमाप्रमाणे त्यातला थोडा भाग बरणीत, बाकीची खात्यात.

दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता आणि चालवता येतं. त्याआधी पालकांच्या मार्फत. खातं ५०० रुपयांत उघडतं आणि व्याज वर्षाला ४ टक्के आहे, म्हणजे वर्षभर ५०० ठेवले तर २० रुपये. ऐकायला थोडे वाटतात, पण काहीच न करता आलेले ते पहिले पैसे असतात. पैसे भरायचे तर महिन्याच्या १० तारखेच्या आत भरा, कारण १० तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. फॉर्म आपण समजावून सांगावा, भरू द्यावा त्यांनाच. सही जमेपर्यंत घरी पानभर सराव होतो, तोही करू द्या. व्याज आर्थिक वर्ष संपताना जमा होतं. एप्रिलमध्ये मुलाला घेऊन पोस्टात जा, पासबुक भरून घ्या आणि व्याजाची ओळ कुठे आहे ती त्यालाच शोधू द्या.